इंजिन चालतं, पाणी चढत नाही

मु. हिंगणवाडी, ता. दौंड
बुधवार, ता. १० एप्रिल १९६३

तीर्थस्वरूप आनंदमामा यांच्या पायांवर डोकं ठेवून भाचा संपत याचा नमस्कार.

इकडं आम्ही सगळे देवाच्या दयेनं धडधाकट आहोत, निदान हे पत्र लिहायला बसलो तेव्हा होतो. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मामींचा खोकला गेला का? मागं पाठवलेला ओवा पोचला असेल (नसेल तर रखमाजी नावाड्याला विचारा, आणि तो फार जोरात नाही म्हणाला तर त्यानंच खाल्ला असं समजा). हे पत्रही त्याच्याच हाती देतोय. तो ओट्यावर बसून आहे, होडी काठाला लावलेली आहे, आणि दर थोड्या वेळानं खाकरतो आहे. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर माझं शिक्षण काढू नये. शिकवलेलं तुम्हीच आहे.

पत्राला विशेष कारण काही नाही. सहज आठवण आली. खरं तर नदी ओलांडली की तुमचं घर, मी स्वतःच यायला हवं होतं. पण सध्या इंजिनघर सोडून तासभर जरी हललो तरी आमच्या कमिटीतले सोपानराव त्याचा बोभाटा करतील. शिवाय समोर बसून सांगायला लागलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तुम्ही माझ्या तोंडी परीक्षेपासून पाहत आला आहात.

आमच्या पाणीपुरवठा सोसायटीचं इंजिन तुम्ही दिवाळीत पाहिलंच आहे. त्या दिवशी केवढा मांडव, केवढे पेढे! नदीकाठी जॅकवेल बांधली (म्हणजे ती गोल विहीर हो, नदीचं पाणी चारीनं तिच्यात येतं आणि तिथून इंजिन ते वर माळावर ओढतं), वर इंजिनघर बांधलं, जयसिंगराव चेअरमन झाले, मी सेक्रेटरी झालो, आणि इंजिनावर कोण ठेवायचा असा प्रश्न आला तेव्हा मीच बाबुलाल मिस्त्रीचं नाव सुचवलं. माणूस गावचाच, मशिदीमागं घर, त्याच्या आज्याची इथं मोटेची चाकं बसवण्यात हयात गेली. बाबुलालच्या हाताला तर असा गुण आहे की बंद पडलेलं यंत्र त्याचा आवाज ऐकूनच निम्मं दुरुस्त होतं. महाशिवरात्रीपर्यंत सगळं झकास चाललं होतं. माळावर ऊस उभा राहिला, कांदा उभा राहिला, आणि मीही गावातून जरा छाती काढून चालायला लागलो होतो. तीच छाती नडली असं आता वाटतं.

महाशिवरात्रीनंतर इंजिनानं एक वेगळाच आजार काढला. इंजिन बंद पडत नाही. ते उत्तम चालतं, धूर सोडतं, जमीन हादरवतं, फक्त पाणी चढत नाही. वर पाटाच्या तोंडाशी शेतकरी खोरी घेऊन उभे आणि पाट कोरडा ठणठणीत. मग बाबुलाल इंजिन थांबवतो, पाइप सोडवतो, तळाचा फुटव्हॉल वर घेतो (फुटव्हॉल म्हणजे पाइपच्या बुडाशी बसवलेलं झाकण, ते पाणी वर जाऊ देतं, खाली उतरू देत नाही), काहीतरी खटपट करतो, पंपात बादलीनं पाणी भरतो, आणि पुन्हा धो धो पाणी. असं एकदा झालं तर माणूस म्हणतो, यंत्र आहे, चालायचंच. चार वेळा झालं. कालची चौथी. दर वेळी दीड दोन दिवस पाण्याची पाळी चुकते, आणि चैत्रातल्या उन्हात पाळी चुकलेला कांदा कसा दिसतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्यातच माझ्या नशिबानं केडगावला आम्हा सेक्रेटरी लोकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथं पुण्याहून एक साहेब आले होते. त्यांनी सांगितलं, कामाच्या ठिकाणी दोष उद्भवला तर वरवरची मलमपट्टी करू नका, मूळ कारण शोधा. हरळी वरून कापली तर पुन्हा येते, जमिनीखालची काशी खणून काढावी लागते. कारण सापडलं की त्या कारणाचं कारण विचारा, मग त्याचंही कारण विचारा, आणि जिथं उत्तर देणारा माणूस गप्प होईल तिथं मूळ आलं असं समजा. मामा, मला ते इतकं पटलं की परतीच्या वाटेवर मी गाडी उशिरा का, हे थेट गार्डाला विचारलं. तो लगेच गप्प झाला.

घरी आल्यावर पहिला प्रयोग तुमच्या सुनेवर केला, तो करायला नको होता. आमटीत मीठ कमी का, असं मी शांतपणे विचारलं. कस्तुरा म्हणाली, मीठ संपलं. का संपलं? आणलं नाही. का आणलं नाही? ज्यानं आणायचं तो केडगावला शिबिराला गेला होता. इथं मीच गप्प झालो. नियमाप्रमाणे मूळ सापडलं होतं, पण ते वहीत लिहून ठेवण्यासारखं वाटलं नाही.

ही शिबिराची गोष्ट मी हौसेनं कमिटीत सांगितली (माझी हौस नेहमी माझ्याच पायावर धोंडा पाडते). जयसिंगराव खूश झाले. म्हणाले, झालं तर मग, संपतराव, इंजिनाचं मूळ कारण काय ते येत्या सोमवारच्या मीटिंगला लेखी द्या. सोपानराव लगेच म्हणाले की लेखी कशाला पाहिजे, मूळ कारण इंजिनघरात खाट टाकून झोपतं आणि महिन्याला पगार घेतं. त्यांचा मेहुणा यवतला टायरची पंक्चरं काढतो, त्याला इंजिनावर लावायचा त्यांचा दिवाळीपासून विचार आहे. तेव्हा ठरलं असं, की सोमवारी माझ्या अहवालात दुसरं काही ठोस निघालं नाही, तर बाबुलालला त्याच दिवशी कमी करायचं. पाच लेकरं आहेत हो त्याला. आणि त्याला आणणारा मी, म्हणजे त्याच्या पाठोपाठ माझीही टोपी उडणार हे उघड आहे. त्या दिवसापासून मला पानावर बसलं की घास उतरत नाही आणि उठलं की भूक लागते.

मी चौकशी सुरू केली. वही केली, तिच्यावर ‘मूळ कारण’ असं तांबड्या शाईनं लिहिलं, आणि ज्याला त्याला का, का, असं विचारत सुटलो (पोरं मला आता मागून कावळा म्हणतात). सोपानरावांनी त्यांचं कारण तीनदा सांगितलं आणि ते मी लिहितो की नाही हे वहीत डोकावून पाहिलं. इंजिनघराशेजारी राहणाऱ्या विठाबाई म्हणाल्या, इंजिनाचं तोंड दक्षिणेला केलंय, ते काय पाणी देणार! मी म्हटलं, तोंड कोणतं? तर त्या धूर निघतो त्या बाजूकडं बोट करून मोकळ्या झाल्या. खुद्द जयसिंगरावांचं म्हणणं, कासुर्डीचे पाहुणे शिवरात्रीला इंजिन बघून ‘काय इंजिन हाय!’ असं तीनदा म्हणाले, तेव्हाच दृष्ट लागली. आता तुम्हाला ठाऊक आहे, जयसिंगराव मनाचे मोठे आणि तितकेच भाविक. त्यांनी दर दुरुस्तीनंतर इंजिनाची पूजा सुरू केली. हार, हळदकुंकू, नारळ, सगळं यथासांग. गावालाही बरं वाटलं. दर पूजेला खोबरं मिळतं.

वहीत तारखा मांडता मांडता मला एक गोष्ट दिसली. शिवरात्रीला एक नारळ फोडला, इंजिन वीस दिवस चाललं. पाणी थांबलं, दुरुस्ती झाली, तीन नारळ फोडले, अकरा दिवस चाललं. पाच फोडले, सात दिवस. अकरा फोडले, तर तिसऱ्याच दिवशी पाट कोरडा. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी जयसिंगरावांना निष्कर्ष सांगितला, की देवाचा कोप वाढत चाललाय आणि आपले नारळ कमी पडतायत. त्यांना तो तंतोतंत पटला. येत्या रविवारी एकवीस नारळ फोडायचे ठरले. मामा, तुम्ही मला गणितात पस्तीस मार्क दिले होते. ते जास्तच होते.

आता कालचं सांगतो. काल दुपारी बाबुलालनं फुटव्हॉल वर घेतला. दर वेळी फुटव्हॉल वर आला की तो मला काही ना काही आणायला पिटाळतो. कधी सुतळी, कधी वायसर, एकदा तर नुसतंच ‘भाऊसाहेब, जरा वर पाटाकडं बघून या.’ काल त्यानं मला गावातून रबराचा तुकडा आणायला सांगितलं. मी निम्म्या वाटेवर गेलो आणि ध्यानात आलं की चष्मा इंजिनघरात राहिलाय. परत फिरलो. पाहतो तर बाबुलाल पाठमोरा बसलेला, पुढं स्वच्छ धुतलेलं फडकं अंथरलेलं, आणि फुटव्हॉलच्या झाकणात अडकलेलं एकेक तो सुरीच्या टोकानं हलकेच काढून त्या फडक्यावर ठेवत होता. नारळाच्या शेंडीचा काथ्या. हाराचा दोरा. झेंडूची काळी पडलेली फुलं. पुन्हा काथ्या. पुन्हा दोरा. फुटव्हॉलच्या जाळीला दोन ठिकाणी मोठी भोकं पडली आहेत, तिथून हे सगळं आत शिरतं, झाकण नीट बसू देत नाही, आणि पाइपातलं पाणी खाली उतरून जातं. जे अरिष्ट टाळायला आम्ही पूजा करत होतो, तीच पूजा पाइपात अडकत होती.

मी विचारलं, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं? तो म्हणाला, दुसऱ्या डावापासून. मग सांगितलं का नाहीस? मामा, तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘भाऊसाहेब, म्या काय सांगावं? तुमच्या पूजेनं पानी थांबतंय आसं म्या म्हनायचं? मंग ह्ये इंजिन ऱ्हाईल बाजूला, आन् गावात दुसरंच सुरू हुईल.’ मी उगाच विचारलं, की हे काढलेलं तू टाकतोस कुठं. तर तो जरासा रागावूनच म्हणाला, ‘टाकतो कसा? देवाचं हाय न्हवं त्ये? खाली धारंला न्हेऊन सोडतो.’ आणि खरंच त्यानं फडक्याच्या गाठी मारल्या, वहाणा काढल्या, आणि चिखल तुडवत पार वाहत्या धारेपर्यंत गेला. चाळीसेक पावलं असतील. परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत बरबटला होता. मला हात जोडून म्हणाला की तुम्ही बघितलंच नाही असं समजा.

आता माझी अवस्था बघा. अहवालात पूजा लिहिली, तर जयसिंगराव दुखावतात, आणि सोपानराव गावभर सांगणार की हे बाबुलालनंच सेक्रेटरीच्या कानात भरवलं. नाही लिहिली, तर सोमवारी बाबुलाल जातो. आणि मधे रविवार आहे. एकवीस नारळांची शेंडी आणि एकवीस हार एकदम आत गेले, तर सोमवारी सगळी कमिटी काठावर उभी असतानाच पाणी थांबेल, मग माझा अहवाल कुणी वाचणारसुद्धा नाही. दिवाळीत नदी काठोकाठ होती तेव्हा निर्माल्य नदीतच सोडत होतो. माघात पाणी मागं सरलं, मधे चिखल झाला, तेव्हापासून कुणी एक भाविक माणूस ते जवळच्या जवळ जॅकवेलमधे सोडून देतो. पाणीच ते, त्याचा हेतू वाईट नाही, पायदळी येऊ नये एवढंच. अशा माणसाला दोष तरी काय द्यायचा?

असो. उन्हात फिरू नका. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधत जा. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
संपत

ता. क. – पत्राची घडी घातली होती, पुन्हा उघडली. वर विशेष कारण नाही असं लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. जयसिंगराव तुमच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकले. आजही तुमचं नाव निघालं की बसल्या जागी टोपी सारखी करतात. तुम्ही त्यांना एक चिठ्ठी लिहा, की निर्माल्य साठलेल्या पाण्यात सोडू नये, वाहत्या धारेतच सोडावं, शास्त्र तसं आहे. (आहे ना? नसलं तरी लिहा.) इंजिनाचं नाव काढू नका, बाबुलालचं तर मुळीच नाही, आणि माझं पत्र आलं होतं हेही कळू देऊ नका. सहज सुचलं म्हणून लिहिलं असं दिसलं पाहिजे. रखमाजी थांबेल, त्याला भाकरी घाला आणि चिठ्ठी त्याच्याच हाती द्या.

ता. क. दुसरा – तुम्ही विचारणार, की हा भाविक माणूस कोण. तुम्ही वर्गातसुद्धा नेमकं हेच करायचा. तर तो मी आहे. पूजा झाली की जयसिंगराव तबक माझ्या हातात देतात आणि म्हणतात, नदीला सोडून या. पहिल्या वेळी मी काठापर्यंत गेलो, चिखल पाहिला, पायातल्या नव्या कोल्हापुरी पाहिल्या, आणि शेजारी जॅकवेल होती. नंतर सवयच झाली. जयसिंगरावांचा यात काडीचा दोष नाही, ते दर वेळी नदीच म्हणाले. ही गोष्ट मला काल दुपारी कळली आणि आज पाच पानं लिहूनही मी ती तुम्हालासुद्धा सरळ सांगू शकलो नाही. लाज वाटते हो मामा. चाळीस पावलं चालायची होती फक्त.

ता. क. तिसरा – रखमाजी दोनदा होडीपर्यंत जाऊन परत आला. तुमच्या सुनेनं सगळं पत्र वाचलं (मी दिलं नव्हतं, चुलीपाशी बसून तिनंच ओढून घेतलं). वाचून म्हणाली, ‘मामांना कशाला तरास? रैवारी तबक घेऊन चिखलातनं जा की धारंपत्तूर. झालं काम!’ मामा, इतकं सोपं मला सुचलं नव्हतं. मी आनंदानं उठलोच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, ‘आन् चार डाव बाबुलालभाऊंनी बोल खाल्लं, त्येचं काय? आता पानी चालंल, गाव म्हनंल एकवीस नारळांनी चाललं, आन् सोपानराव म्हनतील, मिस्त्री बदला.’ यावर मी गप्प झालो.

म्हणून अहवाल आत्ताच, तिच्यासमोर बसून लिहिला. सबंध वही भरेल असं वाटलं होतं, एकाच ओळीत उरकला: ‘पाणी थांबण्याचं मूळ कारण सेक्रेटरी संपत यांचा आळस असून, मिस्त्री बाबुलाल यांनी ते चार वेळा निस्तरलं आणि कुणाला बोलले नाहीत.’ खाली सही केली. रखमाजीच्या खाकरण्यानं ती जरा वाकडी आली, पण आहे माझीच.

तेव्हा निर्माल्याची चिठ्ठी नको. शास्त्रही बघू नका. जयसिंगरावांना दुसरीच चिठ्ठी लिहा आणि ती मात्र सोमवारच्या आत पोचेल असं करा. तिच्यात एवढंच लिहा, की संपत माझा भाचा आहे. त्यांना ते माहीत आहे, पण त्या दिवशी कुणीतरी आठवण करून दिलेली बरी.